कर्करोग संशोधकाची प्रकाशनं आणि सायटेशन: यादी नेमकी कशी वाचायची?

उजनी
४ फेब्रुवारीच्या जागतिक कर्करोग दिनाच्या व्याख्यानासाठी सोलापुरातल्या एका समितीसमोर दोन बायोडेटा आहेत. एक प्रयोगशाळेत पेशींवर काम करणाऱ्या संशोधकांचा. दुसरा गावोगावी तपासणी आणि नोंदणीचं काम केलेल्या डॉक्टरांचा. गूगल स्कॉलरवर पहिल्यांचा एच-इंडेक्स (पेपर किती आणि इतरांनी त्यांचे संदर्भ, म्हणजे सायटेशन, किती दिले यावरून निघणारा आकडा) दुसऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसतो आणि समितीतल्या काहींच्या मते विषय तिथेच संपला. मला तसं वाटत नाही, पण मांडायचं तर मुद्देसूद मांडावं लागेल.

विचारायचं ते असं: आकडा कुठून घ्यायचा? दोन वेगळ्या शाखांची तुलना करता येते का? आणि यादीत काही खोट असेल तर बाहेरच्या माणसाला ती कशी कळणार? नावं देणार नाही, कृपया विचारू नका.

ग्रंथालय_विजापूर_रोड
आकड्याच्या आधी एक काम करा. यादी त्याच व्यक्तीची आहे का ते तपासा. ‘एस. पाटील’, ‘ए. कुलकर्णी’, ‘व्ही. जाधव’ एवढ्यावरून आपल्याकडे काहीच ठरत नाही.

पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या मोफत सूचीत, लेखकाचं पूर्ण नाव साधारण २००२पासूनच्या नोंदींत मिळतं. त्याआधी आडनाव आणि आद्याक्षरं, बस्स. पत्त्याचंही तसंच. २०१४च्या आधीच्या नोंदींत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता असतो. म्हणजे १९९८च्या पेपरात तिसऱ्या क्रमांकावर असलेले सोलापूरचे डॉक्टर पत्ता टाकून शोधलेत तर सापडणार नाहीत, आणि समितीला वाटेल की त्यांनी तेव्हा काही केलंच नाही.

पत्ता टाकतानाही सगळे अवतार टाका. सोलापूरचं जुनं इंग्रजी स्पेलिंग ‘शोलापूर’ असं आहे. विद्यापीठ २००४ साली ‘सोलापूर विद्यापीठ’ म्हणून सुरू झालं आणि २०१९मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव लागलं, त्यामुळे एकाच विभागाचे पेपर दोन नावांखाली विभागलेले असतात. उस्मानाबाद आणि धाराशिव दोन्ही टाकून बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक महिलांची यादी तर हमखास तुटते. जुन्या आडनावाचे पेपर वेगळ्या प्रोफाइलमध्ये राहतात आणि एच-इंडेक्स दोन्हीकडे कमी दिसतो.

त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी दोघांकडून त्यांचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळख क्रमांक) आणि स्कोपस या पेपर-सायटेशनच्या सूचीतला लेखक क्रमांक मागून घ्या. ऑर्किडमधली यादी संशोधक स्वतः भरतात, त्यामुळे तिला पुरावा मानू नका, जुळवणीसाठी वापरा. स्कोपसमध्ये एका माणसाचे दोन-तीन क्रमांक तयार झालेले असतात किंवा दोन माणसं एकात मिसळलेली असतात. ते जोडून घेण्यासाठी स्कोपसकडे दुरुस्तीचा अर्ज भरता येतो, पण थोडे दिवस जातात. गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये ‘नवे लेख आपोआप जोडा’ हा पर्याय चालू असेल तर भलत्याच पाटलांचे पेपर येऊन बसतात. यादी वरून खाली वाचली की लगेच कळतं: तोंडाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या माणसाच्या नावावर अचानक काँक्रीटच्या मजबुतीचा पेपर दिसतो.

ग्रंथालय_विजापूर_रोड
राहिलं होतं: स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर या तिघांचे आकडे वेगळे येणारच. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच टाकलेले मसुदे), परिषदांचे सारांश, सगळं मोजतो म्हणून त्याचा आकडा सहसा सर्वांत मोठा. कर्करोगात हा फरक जास्तच पडतो, कारण अमेरिकेतल्या अ‍ॅस्को आणि एएसीआर या कर्करोग संघटनांच्या वार्षिक परिषदांचे सारांश ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी’ आणि ‘कॅन्सर रिसर्च’च्या पुरवण्यांत छापले जातात. अर्ध्या पानाचा सारांश यादीत पूर्ण पेपरासारखा दिसतो. दोघांचाही आकडा एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी घ्या आणि टिपणात तारीख लिहा. आपल्या कामासाठी स्कोपस बरं. ते हाताशी नसेल तर ओपनअ‍ॅलेक्स मोफत आहे.

संख्या_मास्तर
एच-इंडेक्स कसा निघतो ते समितीला एकदा फळ्यावर दाखवाच. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावा. समजा आकडे असे आहेत: ४८, ३०, १९, ११, ९, ७, ६, ४, २. सहाव्या पेपराला ७ सायटेशन आहेत, म्हणजे सहापेक्षा कमी नाहीत. सातव्याला ६ आहेत, सातापेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स ६. गूगलचा आय-टेन, म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर, इथे ४. आता पहिल्या पेपराला ४८च्या जागी ४,८०० सायटेशन मिळाली असती तरी एच-इंडेक्स ६च राहतो. एकच पण दिशा बदलणारं काम ज्यांनी केलं, त्यांच्यावर इथे अन्याय होतो.

होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली हे माप मांडलं, आणि वेगवेगळ्या शाखांचे एच-इंडेक्स थेट शेजारी ठेवू नयेत हे त्याच पेपरात आहे. हे माप कधी कमी होत नाही, वयाबरोबर वाढतच जातं. म्हणून त्यानं पहिल्या पेपरापासूनच्या वर्षांनी भागून येणारा आकडाही सुचवला होता. शिवाय लेखक किती आणि आपला माणूस कितवा, याचा इथे काही संबंधच नाही. ३०० लेखकांच्या मोठ्या चाचणीत पंचेचाळिसावं नाव असलं तरी पूर्ण एक पेपर मिळतो.

वर्तमानपत्रांत दर वर्षी ‘जगातल्या २ टक्के शास्त्रज्ञांत’ अशी बातमी येते. ती यादी स्टॅनफर्डच्या इओनिडिस यांच्या गटाची, स्कोपसच्या माहितीवर केलेली. तिच्यातली एक गोष्ट चांगली आहे. एकूण सायटेशन आणि एच-इंडेक्सबरोबर सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला एच, एकट्यानं लिहिलेले, पहिल्या क्रमांकावरचे आणि शेवटच्या क्रमांकावरचे पेपर हेही तिच्यात धरतात. स्वतःचीच सायटेशन वगळून आणि धरून असे दोन्ही आकडे मिळतात. बायोडेटात ही ओळ असेल तर कोणत्या वर्षाची यादी, आणि ती आयुष्यभराच्या कामाची की फक्त त्या एका वर्षाची, एवढं विचारा. दोन्ही वेगळ्या याद्या आहेत.

पेशीविकार
जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरूनही माणूस मोजू नका. तो जर्नलचा आकडा आहे: आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख. कर्करोगातलं टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं ‘सीए’. त्याचा २०२३चा इम्पॅक्ट फॅक्टर ५०३.१ होता. कारण साधं आहे. वर्षाला मोजकेच लेख आणि त्यात कर्करोगाच्या आकडेवारीचे ते वार्षिक लेख. जगातला जवळजवळ प्रत्येक कर्करोगाचा पेपर पहिल्याच वाक्यात ‘दर वर्षी इतके नवे रुग्ण’ असं लिहितो आणि तिथे त्या लेखाचा संदर्भ देतो.

सगळ्यांत जास्त सायटेशन कशाला मिळतात ते पाहिलं की बरंच उलगडतं. १९५१चा लाउरी यांचा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचा पेपर विज्ञानातल्या सर्वाधिक उद्धृत पेपरांत आहे. कर्करोगात गाठीचा आकार मोजण्याचे रेसिस्टचे २००९चे निकष, हॅनहान आणि वाइनबर्ग यांचे २००० आणि २०११चे ‘सेल’मधले आढावे, ग्लोबोकॅनचे, म्हणजे जगभरच्या कर्करोगाच्या अंदाजांचे, आकडे. यांत पद्धती आहेत, निकष आहेत, आढावे आहेत. नवा प्रयोग क्वचितच. म्हणून तुमच्या पहिल्या संशोधकांच्या यादीत आढावे किती आणि मूळ प्रयोग किती, ते आधी वेगळं करा.

होटगी_रोड
म्हणजे आढावा लिहिणं हलकं काम आहे का? चांगला आढावा लिहायला शेकडो पेपर वाचावे लागतात.

पेशीविकार
हलकं अजिबात नाही. पण स्वतःच्या प्रयोगातून काय निघालं, हा प्रश्न असेल तर त्याचं उत्तर आढाव्याच्या सायटेशनमधून मिळत नाही. एवढंच म्हणणं.

बार्शी_परांडा_भूम
उजनी, तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांबद्दल लिहितो, कारण या प्रकारच्या कामाचं सायटेशन कुठे जातं हे सोलापूर जिल्ह्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसत असेल.

बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली सुरू झाली, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं. शहरातल्या नोंदणीत रुग्णालयांचे कागद गोळा करून बरंच भागतं. खेड्यात रुग्ण रुग्णालयात पोचतच नसे, त्यामुळे कर्मचाऱ्यांनी गावात जाऊन, लोकांशी बोलून, लक्षणं असलेल्यांना तपासणीला आणून रुग्ण नोंदवायचे. मृत्यूची खात्री पुन्हा गावातूनच. एक रुग्ण सुटला तर दर चुकतो, एकच रुग्ण दोनदा नोंदला गेला तरी चुकतो.

या नोंदींचं पुढे काय होतं? त्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अहवालात जातात. तिथून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था भारताचे अंदाज काढते. ते अंदाज ग्लोबोकॅनच्या लेखात येतात आणि सायटेशन त्या लेखाला मिळतात. बार्शीच्या वहीत नोंद करणाऱ्यापर्यंत, किंवा त्या नोंदणीचा मूळ पेपर लिहिणाऱ्यापर्यंत, यातलं एकही येत नाही. एच-इंडेक्स इथे आंधळा आहे.

आता दुसरी बाजू. ही नोंदणी ज्या रुग्णालयाची, त्याच बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयानं टाटा स्मारक रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट, चार भाग: एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणी, पॅप (पेशींचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि नेहमीचीच व्यवस्था असलेला तुलनेचा गट. निकाल २००९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पहिले लेखक शंकरनारायणन, दुसरे बार्शीचे नेने. एचपीव्ही गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्या आकाराचे, आणि तपासणी फक्त एकदाच झालेली. पॅप आणि डोळ्यांनी तपासणीच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस केली, सर्वसाधारण स्त्रियांसाठी वयाच्या तिसाव्या वर्षापासून. त्या शिफारशीमागे जगभरचे अनेक अभ्यास आहेत, पण मृत्यू खरोखर कमी होतात का, या प्रश्नावर ग्रामीण भारतातून आलेला हा यादृच्छिक चाचणीचा पुरावा फार वजनाचा आहे.

असा एक पेपर एच-इंडेक्समध्ये फक्त ‘एक’ भरतो.

संख्या_मास्तर
उत्तम. एक पुरवणी. याच चाचणीवर, तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही म्हणून, नैतिकतेच्या अंगानं टीकाही झाली आहे. ती टीका करणारे लेखही त्या पेपराचं सायटेशन देतात आणि मोजणीत ते कौतुकासारखेच धरले जातात. म्हणून सर्वांत जास्त सायटेशन असलेल्या दोन-तीन पेपरांचे दहा-बारा संदर्भ उघडून वाचा: निकाल वापरला आहे, नुसता उल्लेख आहे, की विरोध आहे? ‘साइट’ नावाची सेवा हे वर्गीकरण यंत्रानं करते. सुरुवातीला मदत होते, पण ‘विरोध’ ओळखण्यात ती कच्ची पडते, तेव्हा निर्णय स्वतः वाचूनच घ्या.

पेशीविकार
खोट कशी कळते, या प्रश्नाकडे येतो.

पहिली पायरी, मागे घेतलेले पेपर. पबमेडमध्ये नाव टाकून ‘रिट्रॅक्टेड पब्लिकेशन’ हा प्रकार निवडा. मग रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत बघा, २०२३पासून ती क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सर्वांना खुली आहे. त्यानंतर पबपीअर या पेपरांवर चर्चा करण्याच्या साइटवर नाव टाका. वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिनं दाखवणाऱ्या चित्रांतल्या) पट्ट्या दोनदा वापरल्याच्या शंका बहुधा तिथेच आधी येतात. शंका म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे. लेखकांनी उत्तर दिलंय का, मूळ चित्रं दाखवली आहेत का, तेही वाचा. आणि कारण वाचल्याशिवाय मत बनवू नका. स्वतःची चूक सापडल्यावर पेपर मागे घेणारा संशोधक आणि बनावट परीक्षक (छापण्याआधी पेपर तपासणारे) उभे करणारा, हे एका रांगेतले नाहीत. बनावट परीक्षणाचं मोठं प्रकरण ‘ट्यूमर बायॉलॉजी’चं. एप्रिल २०१७मध्ये स्प्रिंगरनं त्यातले १०७ पेपर एकदम मागे घेतले.

दुसरी पायरी, पेशींची ओळख. एमडीए-एमबी-४३५ ही पेशीमालिका वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली, पुढे ती एम-१४ या मेलॅनोमाच्या पेशींपासूनची निघाली. तिच्यावरचे पेपर अजून उद्धृत होतात. तुमच्या संशोधकांच्या पेपरांत ‘साहित्य आणि पद्धती’मध्ये पेशी कुठून आणल्या आणि एसटीआर या डीएनए चाचणीनं ओळख पटवली का, हे लिहिलेलं असतं. दोन मिनिटांत दिसतं.

तिसरं, भरपूर सायटेशन मिळालेलं ते बरोबरच असेल असं धरू नका. ड्यूक विद्यापीठातून २००६मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये जनुकांच्या नमुन्यावरून केमोथेरपी निवडण्याचा पेपर आला. भरपूर गाजला, त्यावर रुग्णांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या. एमडी अँडरसनच्या बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी मूळ आकडे पुन्हा मांडले तेव्हा जनुकांच्या यादीत एका ओळीचा सरकाव आणि औषधाला दाद देणाऱ्या-न देणाऱ्या नमुन्यांची अदलाबदल सापडली. पेपर २०११मध्ये मागे घेतला गेला. आणि कर्करोगाच्या जीवशास्त्रातले गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहण्याच्या प्रकल्पात ५३ पेपरांतले १९३ प्रयोग करायचे ठरले होते. मूळ तपशील, साहित्य आणि मदत न मिळाल्यानं २३ पेपरांतले ५०च पूर्ण झाले, आणि परिणाम मूळ पेपरांपेक्षा बराच लहान निघाला. २०२१मध्ये ते ‘ईलाइफ’मध्ये आलं. हे फार गांभीर्यानं घ्यायला हवं, कारण या पेपरांच्या जोरावर पुढे रुग्णांना औषधं दिली जातात.

होटगी_रोड
थोडं बाजूला जाऊन विचारतो. पीजीला पेपर काढायचा असतो तेव्हा जर्नल निवडताना यातलं काय बघावं? यूजीसी-केअरची मान्य जर्नलांची यादी तर बंद झाली ना?

ग्रंथालय_विजापूर_रोड
हो, २०२५मध्ये यूजीसीनं ती बंद केली. वैद्यकीयसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा चालू नियम बघा. जर्नल मेडलाइनमध्ये (निवडक जर्नलांच्या सूचीत) आहे का, ते जर्नलच्या साइटवरच्या दाव्यावरून ठरवू नका, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या (एनएलएम) कॅटलॉगमध्ये नाव टाकून पाहा. ‘पबमेडमध्ये दिसतं’ आणि ‘मेडलाइनमध्ये आहे’ या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ऑन्कोटार्गेट’ हे एकेकाळी भरभरून छापणारं जर्नल २०१७मध्ये मेडलाइनमधून वगळलं गेलं. आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) जुळतो का आणि साइटचा पत्ता तोच आहे का, हेही बघा, कारण चालू जर्नलांच्या नावानं नकली साइट काढतात. आणि इम्पॅक्ट फॅक्टर फक्त क्लॅरिव्हेट या कंपनीचा. बाकी त्या नावाला मागेपुढे काहीतरी जोडलेले आकडे सोडून द्या.

उजनी
सगळं पटतंय. पण समितीत कोणीतरी म्हणणार, मग आकडे बघूच नयेत का?

संख्या_मास्तर
बघावेत. माणसाचा एकच आकडा बघण्याऐवजी प्रत्येक पेपराचा बघावा, आणि त्या विषयाच्या तुलनेत. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं आयसाइट हे मोफत साधन आहे. दोघांच्या पेपरांचे पबमेड क्रमांक एका ओळीत एक असे टाका. प्रत्येक पेपरासमोर सापेक्ष सायटेशन गुणोत्तर येतं: १.० म्हणजे त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षाच्या, एनआयएचच्या निधीतून झालेल्या मधल्या पेपराइतका. विडी कामगारांच्या तोंडाच्या आजारांवर काम करणारे जगात थोडे, इम्युनोथेरपीवर काम करणारे हजारोंनी, त्यामुळे नुसती सायटेशन मोजली तर पहिला विषय कायम मागे पडणार. या गुणोत्तरात तो फरक बराच निघून जातो. ताज्या, वर्ष-दीड वर्षाच्या पेपरांचा आकडा मात्र डळमळीत असतो, तो धरू नका.

त्याच साधनात ‘ट्रान्सलेशन’, म्हणजे संशोधन रुग्णांपर्यंत पोचण्याचा, भाग आहे. त्यात रुग्णांवरच्या चाचण्या आणि मार्गदर्शक सूचनांमधून किती वेळा संदर्भ आला ते वेगळं दिसतं. दोन्ही बायोडेटांतला खरा फरक मला वाटतं तिथे दिसेल. तो कोणाच्या बाजूनं असेल हे मी आधी सांगणार नाही. प्रयोगशाळेतल्या कामातून चाचणी उभी राहिली असेल तर तेही तिथेच दिसेल.

बार्शी_परांडा_भूम
चाचण्यांबाबत आणखी एक. भारतात जून २००९पासून चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी चाचणी-नोंदवहीवर आधी करणं सक्तीचं आहे. नोंदीत मुख्य निष्पत्ती काय लिहिली होती आणि पेपरात काय मुख्य म्हणून छापलं, हे शेजारी ठेवून वाचा. ‘पाच वर्षांची जगण्याची शक्यता’ म्हणून नोंदवलं आणि पेपरात ‘गाठ आकुंचन पावली’ एवढंच असेल तर कारण विचारायला हवं. चाचणी नोंदवली, पूर्ण झाली, पण पेपर कधीच आला नाही, हेही तिथेच कळतं.

ग्रंथालय_विजापूर_रोड
उजनी, करायचं ते सांगतो, एका संध्याकाळीत होईल. दोघांनाही पत्र पाठवा: तुमच्या मते महत्त्वाचे पाच पेपर निवडा, आणि प्रत्येकाखाली तीन ओळी लिहा, स्वतः काय केलंत, काय सापडलं, पुढे ते कोणी वापरलं. अमेरिकेतल्या पेशीजीवशास्त्रज्ञांच्या २०१२च्या बैठकीतून निघालेला डोरा जाहीरनामा हेच सांगतो: जर्नलच्या आकड्यावरून माणसाला तोलू नका, काम वाचा. मग ते दहा पेपर घ्या. लेखकांचा क्रम बघा. वैद्यकात सहसा पहिल्यानं काम केलेलं असतं आणि शेवटच्यानं गट चालवलेला असतो. अलीकडच्या पेपरांच्या शेवटी कोणी काय केलं याचा परिच्छेदही असतो, तो पत्रातल्या तीन ओळींशी जुळवा. मोठ्या चाचण्यांत काही नावं लेखक म्हणून नसून सहयोगी म्हणून पबमेडमध्ये खाली दिलेली असतात. ती लेखकपदात मोजू नका, पण गावपातळीवर काम करणाऱ्यांची नावं पुष्कळदा तिथेच असतात, म्हणून वगळूही नका.

उजनी
पत्र आजच पाठवतो. पेपर पूर्ण वाचायला मिळतील का? समितीत तिघेच वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित आहेत.

ग्रंथालय_विजापूर_रोड
आधी पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी बघा, बरेच तिथेच मोफत मिळतील. उरलेल्यांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ जानेवारी २०२५पासून सुरू आहे. केंद्राच्या आणि राज्याच्या सरकारी संस्थांना त्यातून ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं मिळतात. सरकारी महाविद्यालयातल्या सदस्यांनी आपल्या ग्रंथालयातून प्रवेश आहे का ते विचारावं. तरीही न मिळालेल्या पेपरासाठी पत्रव्यवहारासाठी नेमलेल्या लेखकांना ई-मेल करा, पीडीएफ बहुतेक जण पाठवतात. मात्र पुरवणी फाइल वेगळी मागा. पद्धतीचे तपशील आणि वगळलेल्या रुग्णांची संख्या बऱ्याचदा तिच्यातच असते.